एमजीबी घेताना आणि घेतल्यावर: आधी पत्रा, मग इंजिन

थेम्सकाठ (धागाकर्ता)

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी ज्यांना जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्यायची असते त्यांची नजर फिरून फिरून एमजीबीवरच येऊन थांबते. ते योग्यच आहे. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांवर एमजीबी तयार झाल्या, त्यामुळे आजही तिचा जवळजवळ प्रत्येक भाग नवा मिळतो. १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन साधं आणि दणकट आहे, आणि बॉनेट उघडल्यावर हात घालायला जागाही भरपूर. छप्पर दुमडणारी रोडस्टर आणि १९६५ पासूनची बंद छपराची जीटी, दोन्हींबद्दल इथे बोलू.

माझं मुख्य म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. ही गाडी इंजिन ऐकून घेऊ नये, पत्रा तपासून घ्यावी. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांतलं काहीही खराब असलं तर उतरवून नवं बसवता येतं. पण एमजीबीला वेगळी चेसिस नाही, बॉडीच सगळा भार पेलते. रोडस्टरला छप्पर नसल्यामुळे तो भार मुख्यतः दारांखालच्या दोन लांब पेट्यांवर, म्हणजे सिलवर येतो. बाहेरचं सिल, आतलं सिल, मधला उभा पत्रा आणि खालची कॅसल रेल असे चार थर मिळून ही पेटी बनते. बाहेरून दिसतो तो फक्त पहिला थर. गंज मात्र आतून बाहेर येतो, म्हणजे बाहेर फोड दिसला तोवर आतला पत्रा बहुधा गेलेला असतो.

गाडी बघायला जाताना लोहचुंबक, टॉर्च आणि जुनी चादर न्या. चुंबक पातळ कापडात गुंडाळून सिलवरून, मागच्या चाकाच्या कमानीपुढच्या कोपऱ्यावरून आणि पुढच्या विंगच्या (मडगार्डच्या) खालच्या वीतभर भागावरून फिरवा. पकड सुटली तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग दाराची मागची फट बघा. वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी मधून खचली आहे. दार थोडं उघडून वर उचलून बघा. बिजागरी झिजलेली असेल तर फक्त दार हलेल, पण बिजागरीच्या खांबाचा पायथा कुजला असेल तर आख्खा खांब हललेला दिसतो. शेवटी मालकाच्या परवानगीने सिलवरच्या ठरलेल्या जागी जॅक लावा. कुरकुर आवाज आला, पत्रा आत गेला किंवा दाराची फट बदलली, तर किंमत कितीही कमी असो, निघून या.

आता चादर अंथरून खाली झोपा. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची पुढची टोकं बॉडीला जिथे जोडली आहेत ती जागा, सीटमागच्या बॅटरीच्या पेट्या, फरशीच्या कडा आणि पेट्रोल टाकीचा वरचा भाग बघा. टाकीची वरची बाजू आणि डिकीचा तळ यांच्यामधे ओल धरते आणि टाकी वरून सडते. खालून ठणठणीत दिसते, पण टाकी काठोकाठ भरली की पेट्रोलचा वास येतो.

कोव्हेंट्रीकर

उत्तम सुरुवात. कोणत्या वर्षाची गाडी घ्यावी याबद्दल थोडं.

चेसिस क्रमांक वाचायला शिका. जीएचएन म्हणजे रोडस्टर, जीएचडी म्हणजे जीटी. पुढचा आकडा ३ असेल तर १९६७ पर्यंतची, ४ असेल तर १९६७ ते १९६९, ५ असेल तर त्यानंतरची. त्यामागे एल हे अक्षर असेल तर स्टिअरिंग मूळचं डावीकडे होतं, म्हणजे गाडी परदेशात जाऊन परत आलेली आहे. कोरड्या हवेतून आली असेल तर पत्र्याला चांगलंच.

१९६४ च्या अखेरीपर्यंत क्रँकशाफ्टला तीन मुख्य बेअरिंग होती, नंतर पाच झाली. रोज चालवायची तर पाचवालंच घ्या. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणून वेग जुळवणारी रचना) नाही, वीज डायनॅमोची आणि बॅटरीचा धन टोक बॉडीला जोडलेला. नंतर चारही गिअरना सिंक्रो, अल्टरनेटर आणि ऋण टोक बॉडीला. हे तपासल्याशिवाय चार्जर, रेडिओ किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन जोडू नका. उलटं जोडलं तर अल्टरनेटरचे डायोड क्षणात जातात.

१९७४ च्या शरद ऋतूपासून अमेरिकेच्या नियमांमुळे काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंची वाढवली गेली. वळणावर ती जास्त कलते. मात्र याच गाड्या स्वस्त मिळतात आणि उंची पुन्हा खाली आणणारे स्प्रिंगचे संच मिळतात. पत्रा चांगला असलेली रबरी बंपरची गाडी, पत्रा गेलेल्या क्रोमच्या गाडीपेक्षा नेहमीच सरस.

गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून हेरिटेज सर्टिफिकेट मागवता येतं. मूळ रंग, इंजिन क्रमांक आणि गाडी कारखान्यातून कुठे पाठवली हे त्यात कळतं.

नव्या_वाटा

जाहिरातींत ‘नवीन सिल बसवली’ असं खूप वेळा दिसतं. ते चांगलं समजायचं की वाईट?

थेम्सकाठ

कसं बसवलं त्यावर आहे. बाहेरचं सिल पुढच्या विंगच्या मागे आणि मागच्या विंगच्या खाली आतपर्यंत जातं. नीट बदलायचं तर पुढची विंग उतरवावी लागते आणि मागच्या विंगचा खालचा कोपरा कापावा लागतो. तेवढे कष्ट टाळायला काही जण कुजलेल्या सिलवरच दुसरं पातळ कवच चढवून कडेने जोडतात. आत ओल कोंडते आणि उरलेला पत्रा दुप्पट वेगाने जातो. ओळखायची खूण म्हणजे दाराच्या खालच्या कडेशी दोन पत्र्यांची जाड पायरी, आणि खाली कॅसल रेलची कड सरळ दिसण्याऐवजी लांबीत बुडालेली.

काम चालू असतानाचे फोटो मागा. ज्याने चांगलं काम केलं तो फोटो ठेवतोच. फोटोत तीन गोष्टी शोधा. दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी आधार जोडलेला आहे का, गाडी सपाट जागेवर दोन्ही टोकांना आधार देऊन ठेवली आहे का, आणि एका वेळी एकच बाजू उघडली आहे का. आधाराशिवाय रोडस्टरचं सिल कापलं की बॉडी काही मिलिमीटर खचते. नवं सिल त्याच वाकड्या स्थितीत जोडलं गेलं की ते दार पुन्हा कधीच नीट लागत नाही. चांगला कारागीर जोड पक्का करण्याआधी दार लावून फट मोजतो, मगच पुढे जातो.

आणि गाडी फारच गेलेली असेल तर ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८ पासून मूळ साच्यांवरून एमजीबीची पूर्ण नवी बॉडी बनवते. खर्च मोठा आहे, पण दहा ठिकाणी तुकडे जोडण्यापेक्षा हिशेब पुष्कळदा सोपा पडतो.

टॅपेट_पहिले

पत्र्याचं झालं, आता इंजिनाचं ट्यूनिंग. इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे इंजिन मिसिंग मारायला लागलं की लोक थेट कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवायला लागतात. क्रम ठरलेला आहे: टॅपेट, मग ठिणगी, मग टायमिंग, आणि सर्वांत शेवटी कार्ब्युरेटर. आधीच्या तीनांपैकी एक जरी चुकीचं असेल तर कार्ब्युरेटर कधीच जुळत नाही.

टॅपेट: रॉकर आणि व्हॉल्व यांच्यातला गॅप ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी, इंजिन थंड असताना. आठ व्हॉल्व पुढून मागे १ ते ८ मोजा. नऊचा नियम लक्षात ठेवा. आठवा पूर्ण दाबलेला असताना पहिला तपासायचा, सहावा दाबलेला असताना तिसरा, सातवा दाबलेला असताना दुसरा. बेरीज नेहमी नऊ. चौथ्या गिअरमध्ये गाडी ढकलून किंवा प्लग काढून पंख्याने इंजिन फिरवता येतं. रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल तर सपाट फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) खड्ड्यावरून पूल बांधतो आणि खरा गॅप जास्त राहतो. टकटक थांबत नसेल तर हे कारण बघा. व्हॉल्व कव्हरचा नट फार आवळू नका, कव्हर वाकतं आणि तेल गळतं.

ठिणगी: प्लग एनजीके बीपी६ईएस, गॅप ०.०२५ इंच. कॉन्टॅक्ट पॉइंटचा गॅप ०.०१४ ते ०.०१६ इंच. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आणि रोटर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. वायरी उतरवण्याआधी फोटो काढा. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बोटाने आडवा हलवून बघा. तो लळत असेल तर गॅप दर फेऱ्यात बदलतो आणि टायमिंग लाइटखाली खूण नाचते. टायमिंगचा आकडा तुमच्या इंजिन क्रमांकानुसार हँडबुकमधून घ्या, ते वर्षागणिक बदललेत. व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून बघा, आत प्लेट हलली पाहिजे. पडदा फाटलेला असेल तर संथ चालवताना पेट्रोल जास्त जातं.

आता एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर. दोन आहेत, आधीच्या गाड्यांत एचएस४, सत्तरच्या दशकात एचआयएफ४. इंजिन पूर्ण गरम करा, एअर फिल्टर काढा. पहिलं काम मिश्रणाचं नाही, हवा समान करायचं. दोन कार्ब्युरेटरमधला दांडा सैल करा आणि रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं एकेका तोंडाशी धरून फुसफुस एकसारखी करा. मीटर असेल तर उत्तमच. मग मिश्रण. एचएस४ मध्ये जेट (पेट्रोल येणारी बारीक नळी) वरच्या पुलाच्या पातळीला आणून नट दोन पूर्ण फेरे, म्हणजे बारा कडा, खाली घ्या. ही सुरुवात. आता पिस्टन साधारण ०.८ मिमी, अगदी नखभर, उचला. रेस वाढली आणि वाढलेलीच राहिली तर मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, आहे. इंजिन बंद पडायला लागलं तर लीन, म्हणजे पेट्रोल कमी. क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झालं की बरोबर. एका वेळी एकच कड फिरवा, दर वेळी इंजिनाला थोडी रेस देऊन मोकळं करा, मग तपासा. एचआयएफमध्ये बाजूचा स्क्रू घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवला की रिच. शेवटी डॅशपॉटमध्ये (कार्ब्युरेटरच्या पिस्टनवरच्या तेलाच्या नळकांड्यात) एसएई २० तेल, पोकळ दांड्याच्या टोकाच्या साधारण १३ मिमी वर. ते रिकामं असेल तर ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते, आणि लोक उगाच जेट बदलत बसतात.

पाना_पक्कड

अप्रतिम प्रतिसाद. एक जोड: पाने इंची घ्या, ७/१६, १/२ आणि ९/१६. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. १३ चा मेट्रिक पाना बसल्यासारखा वाटतो आणि नटाच्या कडा खातो.

पॉइंट ठेवायचे की इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं? मी इलेक्ट्रॉनिकच्या बाजूने आहे. डिस्ट्रिब्युटर झिजलेला असला तरी ठिणगीची वेळ बरीच स्थिर राहते.

टॅपेट_पहिले

झिजलेला डिस्ट्रिब्युटर दुरुस्त करणं हा त्यावरचा खरा इलाज. पॉइंटची बाजू अशी की ते हळूहळू बिघडतात, सूचना देतात, आणि रस्त्याच्या कडेला पॉलिशपेपरने घासून घरापर्यंत येता येतं. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल जातं तेव्हा एकदम जातं. बसवलंच तर जुने पॉइंट आणि कंडेन्सर बसवलेली प्लेट डिकीत ठेवा. एक मात्र दोन्हीकडे लागू: स्वस्तातला रोटर आणि कंडेन्सर घेऊ नका. गरम झाल्यावर बंद पडणारी आणि अर्ध्या तासाने सुरू होणारी गाडी पुष्कळदा कंडेन्सरमुळे असते, दोष मात्र पेट्रोलला दिला जातो.

पाना_पक्कड

प्लेट डिकीत ठेवायची सूचना मान्य.

तारांचा_गुंता

विजेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. लूकस कंपनीच्या वायरिंगला नावं ठेवतात, पण रंगांची भाषा इतकी शिस्तशीर आहे की एकदा कळली की नकाशा फारसा लागत नाही. काळी म्हणजे अर्थ (अर्थिंग, बॉडीला जोडलेली). तपकिरी म्हणजे बॅटरीतून थेट, फ्यूजशिवाय, कायम जिवंत. पांढरी किल्ली फिरवल्यावर जिवंत, फ्यूज नाही. हिरवी तीच, पण फ्यूजमधून गेलेली. जांभळी फ्यूजमधून पण कायम जिवंत, म्हणजे हॉर्न वगैरे. लाल पार्किंगच्या दिव्यांना, निळी-पांढरी अप्परला, निळी-लाल डिप्परला. तपकिरी वायरला हात लावायच्या आधी बॅटरी सोडवा, तिथे वाचवायला फ्यूज नाही.

दहातल्या आठ तक्रारी अर्थच्या आणि गोळीसारख्या जोडांच्या. जोड ओढून काढा, आतली नळी बारीक ब्रशने उजळ करा, सैल असेल तर नवी घ्या. इंडिकेटर लावला की मागचा दिवा मिणमिणतो, म्हणजे त्या दिव्याचा अर्थ गेला. इंजिन आणि बॉडी यांच्यामधली जाड पट्टी तुटली तर स्टार्टरचा करंट क्लचच्या किंवा चोकच्या केबलसारख्या वाटेने जातो आणि ती वाट तापते. हेडलाइटचा सगळा करंट मूळ रचनेत स्विचमधून जातो. दोन रिले बसवले तर स्विच वाचतो आणि दिवे लख्ख होतात.

पेट्रोलचा एसयू पंप मागच्या उजव्या चाकाजवळ आहे. किल्ली फिरवली की टकटक करतो आणि कार्ब्युरेटर भरले की थांबला पाहिजे. थांबतच नसेल तर हवा ओढतोय, कुठेतरी गळती आहे, किंवा कार्ब्युरेटरची सुई नीट बसत नाही. अजिबात वाजत नसेल तर आधी त्याचा अर्थ बघा, मग हलकेच ठोका. ठोकल्यावर चालू झाला तर आतले पॉइंट जळाले आहेत.

एक दुरुस्ती: वर मी क्लचची केबल लिहिलं. एमजीबीचा क्लच हायड्रॉलिक आहे, केबल नाही. चोक आणि ॲक्सिलरेटरची केबल म्हणायचं होतं.

नव्या_वाटा

ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) असलेली गाडी बघतोय. विक्रेता म्हणतो, ‘सध्या लागत नाही, किरकोळ काम आहे.’

कोव्हेंट्रीकर

खरंच किरकोळ असू शकतं, पण किंमत ते बिघडलं आहे असं धरूनच ठरवा. इंजिन बंद, किल्ली चालू, चौथा गिअर, स्विच दाबा. गिअरबॉक्सकडून सोलेनॉइडची टक ऐकू आली पाहिजे. नाही आली तर वायर किंवा गिअरबॉक्सवरचा सुरक्षा स्विच. आली आणि तरी लागत नाही, तर तेलाची पातळी, मग फिल्टर. ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्सचंच तेल वापरतो, सुमारे ३.४ लिटर एकूण. ओव्हरड्राइव्ह अडकून सुटत नसेल तर गाडी अजिबात मागे घेऊ नका, आतला एकदिश क्लच फुटतो.

आणि या गिअरबॉक्समध्ये २०डब्ल्यू५० इंजिन ऑइलच घाला, गिअर ऑइल नाही. गिअर ऑइलमधली काही रसायनं पितळी भागांना खातात. मागच्या ॲक्सलमध्ये मात्र ईपी ९० च.

सुकाणू

इंजिनालाही २०डब्ल्यू५० खनिज तेल, झिंक भरपूर असलेलं. कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासून चालतात, आधुनिक पातळ तेलात ते झिजतात. फिल्टरसकट सव्वाचार लिटरच्या आसपास, ऑइल कूलर असेल तर थोडं जास्त. गरम इंजिनात तेलाचा दाब रस्त्यावर ५० ते ८० पीएसआय, आयडलला १० ते २५. आयडलला १५ बघून घाबरू नका.

ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनावर ज्यांनी काम केलं असेल त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. तेही बी-सिरीज घराण्यातलंच. मात्र भाग सरसकट एकमेकांना बसतील असं समजू नका.

पेट्रोल: सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई१०, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं, झालं. एमजीबीत सुपर ग्रेडचं ई५ टाका. इथेनॉल जुन्या रबराला मऊ करतं, मग तडे जातात. सगळ्या नळ्या आर९ दर्जाच्या घ्या आणि क्लिप पूर्ण गोल पकडणाऱ्या. गरम एक्झॉस्टच्या वर पेट्रोलची नळी आहे, इथे काटकसर नको. शिशाचं पेट्रोल बंद झाल्यावर ज्या हेडमध्ये कठीण एक्झॉस्ट सीट बसवलेल्या नाहीत त्यांचे टॅपेट वारंवार सैल करावे लागतात का ते बघत राहा. गॅप पुनःपुन्हा कमी होत असेल तर सीट आत धसते आहे.

पाना_पक्कड

खालच्या भागाचं मी सांगतो. पुढच्या किंगपिनला (ज्याभोवती चाक वळतं त्या उभ्या खिळ्याला) प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल आहेत, दर ३,००० मैलांना ग्रीस. चाक जमिनीवरून उचलून मारा, म्हणजे ग्रीस सगळीकडे पोचतं. गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, स्टँड लावा. निपलमधून ग्रीस जातच नसेल तर तो बदला. कोरडा किंगपिन आधी स्टिअरिंग जड करतो, मग झिजतो.

पुढचा लिव्हर डॅम्पर (धक्के शोषणारा) हाच वरचा विशबोन, म्हणजे चाकाला धरणारा वरचा हातही आहे. तो गळत असेल तर नुसतं तेल भरून भागत नाही, दुरुस्त केलेला बदली घ्या.

तारांची चाकं असतील तर वर्षातून दोनदा काढून खाचांना ग्रीस लावा. गाडी सुरू करताना आणि ब्रेक लावताना टक असा आवाज आला की खाचा झिजल्या. दात टोकदार झाले असतील तर चाक आणि हब दोन्ही बदला, जुन्या हबवर नवं चाक लवकर खराब होतं. उजव्या बाजूच्या चाकांच्या मधल्या नटाचे आटे उलटे आहेत. तांब्याची हातोडी वापरा.

क्लचवर पाय ठेवून सिग्नलला उभं राहू नका. रिलीज बेअरिंग ग्राफाइटचं आहे, दाबलेलं असेल तेवढा वेळ ते झिजत असतं. बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं.

नव्या_वाटा

कागदपत्रं?

कोव्हेंट्रीकर

४० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला हिस्टॉरिक टॅक्स क्लास मिळतो. रोड टॅक्स शून्य, पण तो आपोआप लागत नाही, लॉगबुक (नोंदणीचा कागद) घेऊन पोस्टात अर्ज करावा लागतो. शून्य असला तरी दरवर्षी टॅक्स भरल्याची नोंद करायचीच. लंडनच्या यूलेझलाही (प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरच्या शुल्कालाही) त्या क्लासमध्ये सूट आहे. २० मे २०१८ पासून, मोठे बदल न केलेल्या अशा गाड्यांना एमओटीही (वार्षिक तपासणी) सक्तीची नाही. तरीही दरवर्षी स्वेच्छेने करून घ्या. गाडी रस्त्यावर सुरक्षित ठेवायची कायदेशीर जबाबदारी तुमचीच राहते, आणि ब्रेकची नळी आतून फुगली आहे हे तपासणीच्या ब्रेक रोलरवरच कळतं. ब्रेक फ्लुइड डॉट ४, दर दोन वर्षांनी. विमा ठरलेल्या किमतीचा घ्या, फोटो आणि बिलं जोडून.

थेम्सकाठ

हिवाळ्याचं तेवढं राहिलं. रस्त्यावर मीठ पडायला लागलं की गाडी आत. त्याआधी खालून पाण्याने नीट धुवा. पुढच्या चाकांच्या कमानीत मागच्या बाजूला चिखल अडवणारा पत्रा असतो. त्याचं रबर गेलेलं असतं, चिखल त्याच्यामागे साठतो आणि विंग व सिल तिथूनच सडतात. तिथे हात घालून चिखल काढा, पूर्ण वाळवा, मग सिलच्या भोकांमधून लांब नळीने मेण मारा. हँडब्रेक सोडून ठेवा, चाकांना ठोकळे लावा, अँटिफ्रीझ तपासा, बॅटरीला मेंटेनर. दर आठवड्याला पाच मिनिटं इंजिन सुरू करू नका. ते गरम होत नाही, तेलात आणि सायलेन्सरमध्ये पाणी मात्र जमतं.

नव्या_वाटा

आज बघितलेल्या गाडीत पायाखालचे गालिचे ओले होते, दोन्ही बाजूंना. छप्पर नवीन आहे आणि दारांची रबरंही.

थेम्सकाठ

मग छपरावर शंका घेण्याआधी काचेपुढच्या जाळीत एक मग पाणी ओता. त्या पोकळीतून एक रबरी नळी गिअरबॉक्सच्या बोगद्याजवळ खाली उतरते. तिचं टोक पानं आणि मातीने बुजतं, पाणी साठतं आणि हीटरच्या वाटेने आत येतं. ओतलेलं पाणी काही क्षणांत गाडीखाली पडलं तर नळी मोकळी आहे. नाही पडलं तर खालून टोक चिमटीत दाबून उघडा, बरीच घाण पडेल. पण साठलेलं पाणी फरशीवर किती दिवस होतं हा प्रश्न राहतोच. गालिचा उचलून फरशीच्या कडा आणि आतलं सिल स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर पुढचं बोला.